छोट्या यंत्रगाडीसाठी अवरक्त किरणांचे स्पंद

ग्रामीण भागातील अनेक शाळांतून विद्यार्थी आपोआप चालणाऱ्या छोट्या यंत्रगाड्या तयार करू लागले आहेत. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांना प्रयोगशाळा मिळाल्यापासून या छंदास चांगले उत्तेजन मिळाले आहे. पिकाच्या दोन ओळींमधून गाडी चालवावी, ही शेतकऱ्याच्या मुलास सहज सुचणारी कल्पना होय. परंतु वर्गात अडथळा ओळखून नीट वळणारी गाडी शेतात उन्हात नेली की गोंधळते, आणि वडील मंडळी 'पोरखेळ' म्हणून ती बाजूला टाकतात. दोष मुलाचा नसतो, तर गाडीच्या 'डोळ्या'साठी वापरलेल्या स्थिर प्रकाशाचा असतो.

सूर्यापासून जमिनीवर पोचणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ निम्मा भाग अवरक्त, म्हणजे डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांचा असतो. त्या पुरात इवल्याशा एलईडीचा प्रकाश हरवून जातो. आठवड्याच्या बाजारातील गलबल्यातही आपल्या बैलाची घंटा ओळखू येते, ती तिच्या ठरावीक नादामुळे. तसाच नाद प्रकाशास दिला पाहिजे. एलईडी सेकंदास ३८,००० वेळा उघडझाप करील अशी योजना केली, तर टीएसओपी १७३८ सारखा ग्राहक नेमके तेवढेच स्पंद निवडतो आणि उन्हाचा स्थिर प्रकाश वगळतो. घरातील दूरचित्रवाणीचे रिमोटही बहुधा याच तत्त्वावर चालतात.

हे स्पंद निर्माण करण्यास ५५५ या क्रमांकाची टायमर चकती उत्तम. हान्स कामेन्झिंड यांनी तिची रचना १९७१ साली केली. आजही ती अल्प किमतीत मिळते. तिला आठ पाय असतात. खाच डावीकडे ठेवून खालच्या ओळीत डावीकडून १ ते ४ व वरच्या ओळीत उजवीकडून ५ ते ८ असे पाय मोजावेत. पाय १ ऋण टोकास व पाय ८ धन ५ व्होल्टास जोडावा. ८ व ७ यांमध्ये १.८ किलोओहमचा आणि ७ व ६ यांमध्ये १८ किलोओहमचा रेझिस्टर घालावा. पाय २ व ६ एकत्र जोडून तेथून ऋण टोकापर्यंत १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर बसवावा. त्यावर १०२ असा छाप असतो. पाय ५ वरून ऋण टोकास ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यावा. पाय ३ वरून १०० ओहमच्या रेझिस्टरमधून एलईडी ऋण टोकास जोडावी, लांब पाय रेझिस्टरकडे. तीतून सुमारे २० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो.

हिशेब असा की, दुसऱ्या रेझिस्टरची दुप्पट पहिल्यात मिळवून येणाऱ्या ओहमांस कपॅसिटरच्या फॅरडांनी गुणावे व १.४४ ला त्या गुणाकाराने भागावे. येथे ३७,८०० ओहम व १ नॅनोफॅरड धरता सुमारे ३८,१०० स्पंद मिळतात. बाजारातील सुटे भाग मात्र छापील मापाबरहुकूम क्वचितच असतात. म्हणून १८ किलोओहमऐवजी १५ किलोओहमचा रेझिस्टर व त्याच्या रांगेत ५ किलोओहमचा प्रीसेट घ्यावा आणि ग्राहक जास्तीत जास्त अंतरावरून दाद देईपर्यंत त्याचा स्क्रू हळूहळू फिरवावा. कपॅसिटर पॉलिएस्टरचा घ्यावा. स्वस्त चकतीवजा सिरॅमिक कपॅसिटर दुपारच्या उन्हात तापला की माप बदलतो.

पुष्कळ जण येथेच थांबतात आणि ग्राहक खराब आहे असे समजतात. अखंड चाललेल्या ३८ किलोहर्ट्झच्या स्पंदांकडेही हा ग्राहक काही काळाने दुर्लक्ष करू लागतो, कारण तशा अखंड लहरींना गोंगाट मानावे अशीच त्याची घडण आहे. त्यास स्पंदांचा लहान झुबका आणि मग विसावा हवा. यासाठी दुसरी ५५५ चकती याच रीतीने जोडावी. मात्र ८–७ मध्ये १० किलोओहम, ७–६ मध्ये १०० किलोओहम व कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरड घ्यावा. १०० किलोओहमच्या रेझिस्टरला समांतर एक साधा सिग्नल डायोड जोडून त्याची पट्ट्याची बाजू पाय ६ कडे ठेवावी. या चकतीचा पाय ४ धन टोकास जोडावा आणि तिचा पाय ३ पहिल्या चकतीच्या पाय ४ ला द्यावा. मग सुमारे १ मिलिसेकंद स्पंद व ७ मिलिसेकंद शांतता असे चक्र सुरू होते. अडथळ्यावरून परतलेला प्रत्येक झुबका दिसताच ग्राहकाचे टोक ५ व्होल्टांवरून शून्याजवळ उतरते.

एलईडीचा प्रकाश आडून थेट ग्राहकावर पडू देऊ नये. येथे काळ्या प्लॅस्टिकवर विसंबणे धोक्याचे; ग्राहकाचे कवच स्वतः काळे असूनही अवरक्त किरण त्यातून आत जातात. एलईडीवर धातूची नळी बसवावी. ग्राहकावर लहानसे छप्परही करावे, कारण प्रखर ऊन थेट आत शिरल्यास त्याची पोच घटते. मोटारींचा वीजपुरवठा शक्यतो वेगळा ठेवावा आणि प्रत्येक चकतीजवळ धन-ऋण टोकांमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालावा.

शेतकऱ्यास आवडेल अशी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. हिरवे पान या किरणांपैकी जवळजवळ निम्मे परत फेकते. उपग्रहांवरून पिकाची वाढ अजमावतात, तीही याच गुणाच्या आधारे. काळी, ओली जमीन मात्र ते बरेचसे शोषून घेते. त्यामुळे ओळीतील रोप गाडीस लांबून दिसते, पण काळ्या मातीचे ढेकूळ अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. ढेकळांसाठी गाडीच्या पुढे स्पर्शाने दाबला जाणारा स्विच लावावा.

एलईडी चालते की नाही हे पाहण्यास ती मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरावी. बहुतेक कॅमेऱ्यांत ती फिकट जांभळी चमकते. डोळ्याजवळ धरून पाहू नये.