ज्ञानाच्या दारी पहिली रांग कोणाची?



दिव्य कुरआनच्या ८० व्या अध्यायाचा, म्हणजे सूरह अबसचा, आरंभ एका प्रसंगाने होतो. प्रेषित मुहम्मद (स.) कुरैशच्या सरदारांना सत्यधर्म समजावून सांगत असता हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) हे अंध सहाबी शिकण्याच्या ओढीने तेथे आले. बोलण्यात आलेला खंड प्रेषितांना (स.) रुचला नाही व त्यांनी मुख फिरवले. त्यावर अल्लाहने जाणीव करून दिली, की जो स्वतःला निरपेक्ष समजतो त्याच्याकडे लक्ष आणि जो ईशभयाने धावत आला त्याच्याकडे दुर्लक्ष, असे होता कामा नये.

या आयतींचे पठण मी लहानपणापासून करीत आलो. त्यांचा अर्थ मात्र भंडारा जिल्ह्यातील अड्याळच्या मक्तबमध्ये कळला. एक मुलगा रोज सबक पाठ करून येई, दुसरा अडखळे. पहिल्याला मी पुढे बसवीत असे, दुसऱ्याला मागे. एके दिवशी मागच्या मुलाला कारण विचारले. धानाच्या रोवणीवरून आई दिवस मावळता परतते, तोवर धाकटी भावंडे त्याच्या स्वाधीन असतात आणि घरात सबक ऐकून घेणारे कोणी नाही, असे तो म्हणाला. पहिल्याची आई रोज त्याला शेजारी बसवून वाचून घेते. ज्याला मी दोन बुद्धींचा फरक समजत होतो, तो दोन घरांचा फरक होता. मी अल्लाहपाशी क्षमा मागितली आणि रांग बदलली.

वाचकहो, हा अनुभव एका मक्तबपुरता नाही. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालानेही हेच दाखविले, की मुलाच्या यशापयशावर शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा प्रभाव अधिक पडतो. आपल्या राज्याकडे पाहा. सच्चर समितीने दिलेल्या २००१ च्या आकड्यांनुसार महाराष्ट्रातील मुस्लिमांची साक्षरता ७८.१ टक्के, तर राज्याची सरासरी ७६.९ टक्के होती. मात्र राज्य शासनाच्या महमूदुर्रहमान समितीला २०१३ च्या अहवालात पदवीधर मुस्लिम जेमतेम २.२ टक्के आढळले. अक्षरओळखीत आपण मागे नाही. पुढच्या चढणीवर गळतो. ६ ते १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण २००९ च्या कायद्याने मोफत आहे. त्यानंतर शुल्क, पुस्तके, बसभाडे यांचा भार घरावर पडतो. नेमक्या त्याच वयात मुलाच्या हातांना मजुरी मिळू लागते आणि मुलीला घरकामासाठी थांबविले जाते.

काही जण म्हणतात, ज्याच्या नशिबी असेल तो शिकेल. तकदीरवर आपला ईमान आहे. परंतु आपले कर्तव्य टाळण्यासाठी तिचा आधार घेणे योग्य नव्हे. बद्रच्या युद्धानंतर, खंडणी देऊ न शकणाऱ्या साक्षर कैद्यांनी मदीनेतील दहा-दहा मुलांना लिहायला शिकवावे, हीच त्यांची मुक्तता ठरविली गेली. निराधार सहाबींसाठी मस्जिदे नबवीत सुफ्फा होता. तेथेच निवारा व तेथेच शिक्षण. घर जे देऊ शकत नव्हते, ते समाजाने दिले. कोल्हापुरात छत्रपती शाहू महाराजांच्या पुढाकाराने १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले, त्यामागेही हीच दृष्टी होती. गरीब मुलाला शाळेइतकीच दिव्याची, निवांत जागेची आणि अभ्यासू सोबतीची गरज असते.

मग आपण काय करावे? मगरिब ते इशा मस्जिदीची एक खोली अभ्यासासाठी उघडी ठेवावी. शिकलेल्या तरुणांनी तेथे आळीपाळीने बसावे. जकात देताना पात्र कुटुंबातील नववी-दहावीच्या मुलामुलींचे शुल्क आठवावे. ज्ञानप्राप्ती प्रत्येक मुस्लिमावर अनिवार्य असल्याची प्रेषितांची (स.) शिकवण आहे, म्हणून मुलीची पुस्तके आधी बंद करू नयेत. आणि ज्या आईबापांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनी रोज एवढेच विचारावे, “बाळा, आज काय शिकलास? मला सांग.”

आपल्या हाकेच्या अंतरावर मागच्या रांगेत कोण बसले आहे, हे आज पाहून घ्या. अल्लाह आपणा सर्वांना त्याची दृष्टी देवो. आमीन.