रचनेची ती एक रेघ

अगं, ते भूमितीचं पुस्तक मिटण्याआधी जरा माझ्याजवळ बस. "ताई, उत्तर वाचलं की सगळं कळतं गं, पण ती रेघ मला जन्मात सुचली नसती," असं मघाशी म्हणालीस, ते काही माझ्या मनातून जात नाहीये. नववी-दहावीतल्या कितीतरी चांगल्या हुशार मुली नेमक्या याच वाक्यावर भूमितीचा नाद सोडतात. रचना सुचणं ही देणगी आहे आणि ती आपल्याला मिळालेली नाही, असं त्या धरून चालतात. तसं नाही गं. त्या रेघेला कारण असतं, आणि कारण शोधायला शिकता येतं.

बघ ना, सिद्धता लिहिताना आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता या क्रमानं जातो. पक्ष आणि साध्य उदाहरणातच दिलेलं असतं. कस लागतो तो तिसऱ्या ओळीत, आणि नेमकी तीच ओळ आपल्याला आयती मिळते. 'कृती पूर्ण करा' असं आलं की रचना छापलेलीच असते, आपण फक्त चौकटी भरायच्या. त्यानं गुण मिळतात, लिहिण्याला शिस्त लागते, ते सोडू नकोस. पण अवघड उदाहरणाशी गाठ पडली की ती सवय कामाला येत नाही.

कागद घे. अर्धं पान व्यापेल एवढी मोठी आकृती काढ, कारण बोटाएवढ्या त्रिकोणात काहीच दिसत नाही. त्रिकोण अबक, वरचा कोन अ २०° आणि पायाचे दोन्ही कोन ८०°. आता अक बाजूवर ड बिंदू असा घे की कोन डबक ६०° होईल. अब बाजूवर इ असा घे की कोन इकब ५०° होईल. इ आणि ड जोड. कोन बडइ किती?

हे उदाहरण लँग्ली नावाच्या इंग्लंडमधल्या एका गणितशिक्षकांनी १९२२ साली 'मॅथेमॅटिकल गॅझेट' या नियतकालिकात दिलं होतं. आठवीपलीकडचं एकही प्रमेय लागत नाही, तरी भलेभले यात अडकतात.

तू आधी काय करशील ते मला माहीत आहे. सगळे कोन भरत सुटशील. ते बरोबरच आहे, आधी तेच करायचं. बड आणि कइ जिथे छेदतात तिथे ७०° चा कोन मिळतो, म्हणून बडइ आणि कइड या दोन कोनांची बेरीज ११०°. पुढे? पुढे कुठल्याही त्रिकोणात शिरलीस तरी फिरून तेच ११०° हाती येतात. इथे मुली म्हणतात, मला येत नाही. असं म्हणायचं नाही. इथे तुला एक गोष्ट कळलेली असते: नुसत्या कोनांच्या बेरजांनी हे सुटणार नाही, आता बाजूंच्या लांबीकडे वळायला हवं. हे कळणं म्हणजे अर्धं काम झालं, खरंच सांगते.

मग शोध, आकृतीत सारख्या लांबीचं काय आहे? त्रिकोण इबक मध्ये ब जवळ ८०°, क जवळ ५०°, म्हणजे इ जवळही ५०°. समद्विभुज! बइ = बक. एक समानता सापडली. आता स्वतःला विचार, हीच लांबी मला आणखी कुठे नेता येईल? कंपासचं टोक ब वर ठेव, बक एवढं अंतर घे आणि कंस फिरव. तो अक ला क शिवाय आणखी एका बिंदूत छेदतो, त्याला फ म्हण. क जवळचा कोन ८०°, म्हणून फ जवळचाही ८०°, मग कोन फबक उरला २०°. उत्तरांत एकदम 'कोन फबक २०° होईल अशी रेघ काढा' एवढंच लिहिलेलं असतं, आणि वाचणारीला वाटतं हे आभाळातून पडलं. ते पडलं बइ = बक मधून.

पुढचं आता घरंगळत येतं. बफ = बइ आणि मधला कोन ८० वजा २०, म्हणजे ६०°, म्हणून त्रिकोण बइफ समभुज. कोन फबड ४०°, कोन बडफ सुद्धा ४०°, म्हणून फड = फब. फब तर फइ एवढीच आहे, म्हणून फइ = फड. फ जवळ १८० मधून ८० आणि ६० गेले, कोन इफड ४०°, मग कोन फडइ ७०°. त्यातून कोन बडफ चे ४०° वजा कर. उत्तर ३०°.

आता यातलं तुला रोज वापरता येईल असं सांगते. अडलीस की कागदावर लिही, 'मला काय मिळत नाहीये?' कोन मिळत नसेल तर सारख्या बाजू शोध. मध्यबिंदू दिला असेल तर दुसऱ्या बाजूचा मध्यबिंदू घेऊन बघ. मध्यगा असेल तर ती तेवढीच पुढे वाढव. स्पर्शिका दिसली की केंद्रापासून त्रिज्या जोड. आणि साध्याकडून उलटं येत जा: हे सिद्ध व्हायला आधी काय मिळालं पाहिजे, आणि त्याच्या आधी काय? आणखी एक, त्रिकोण समद्विभुज आहे असं दिलेलं नसेल तर कच्ची आकृती मुद्दाम वेडीवाकडी काढ. हात नकळत सुबक त्रिकोण काढतो आणि मग डोळ्यांना नसलेल्या समानता दिसायला लागतात.

उत्तर बघावंच लागलं तर फक्त रचनेची ओळ वाच आणि पुस्तक पालथं घाल. या रेघेनं कुठली समानता आणली, एवढंच शोध. उरलेलं तुझं तू लिहिशील.

आणि उदाहरण दिसायला साधं आहे म्हणून ते पटकन सुटायला हवं होतं, असं मनाला लावून घेऊ नकोस. त्रिकोणाचे दोन कोनदुभाजक सारख्या लांबीचे असतील तर तो समद्विभुज असतो, एवढंसं विधान. याचा व्यत्यास तू पाच ओळींत लिहिशील. पण या विधानाची भूमितीतली सिद्धता मागायला लेमस नावाच्या गणितज्ञांना १८४० मध्ये पत्र लिहावं लागलं, आणि ती दिली स्टायनर यांच्यासारख्या मोठ्या भूमितिज्ञानं. अशा उदाहरणावर आठवडा गेला तरी तो वाया जात नाही. संकीर्ण प्रश्नसंग्रहातली शेवटची उदाहरणं तर परीक्षेला येवोत न येवोत, तू सोडवच.

आज रात्रीसाठी एक देते. ब्रह्मगुप्ताच्या नावानं ओळखलं जाणारं प्रमेय आहे. त्याचा 'ब्राह्मस्फुटसिद्धांत' हा ग्रंथ इ.स. ६२८ चा, आणि तुझ्या दहावीच्या वर्तुळाच्या धड्यावर हे प्रमेय सुटतं. चक्रीय चौकोन अबकड, त्याचे कर्ण म बिंदूत एकमेकांना लंब. म मधून बक बाजूवर लंब टाक आणि तो मागे वाढव, म्हणजे अड ला न मध्ये छेदेल. सिद्ध कर की न हा अड चा मध्यबिंदू आहे. इथे नवी रेघ लागत नाही. अन आणि नड या दोघी तिसऱ्या कुठल्या रेषाखंडाएवढ्या असतील ते आकृतीत शोध, आणि एकाच कंसातले आंतरलिखित कोन विसरू नकोस. उत्तर मी आत्ता सांगणार नाही. उद्या अडलीस तर वही घेऊन ये, आधी कुठवर आलीस ते दाखव, मग बसू दोघी.