पुराव्याची वाट किती पाहावी?

सोलापुरानजीक नान्नजच्या माळावर माळढोक पक्ष्यासाठीं १९७९ सालीं अभयारण्य स्थापन झालें. तथापि आज तेथें तो क्वचितच दृष्टीस पडतो. शिकार, माळरानांचा ऱ्हास, भटकीं कुत्रीं, विजेच्या तारा, यांपैकीं कोणाचा दोष किती, हें मोजणें कठीण आहे. परंतु मादी एका विणीस बहुधा एकच अंडें घालते. तेव्हां दिरंगाईची हानि सहसा भरून निघत नाहीं. संकट गंभीर वा अपरिवर्तनीय असेल, तर पूर्ण शास्त्रीय निश्चितीअभावीं परवडण्याजोगे उपाय लांबणीवर टाकूं नयेत, असें १९९२ च्या रिओ परिषदेनें ठरविलें. १९९६ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही हें सावधगिरीचें तत्त्व मान्य केलें. ज्वराचें मूळ कळण्यापूर्वींच माता मुलाच्या कपाळीं ओली घडी ठेविते. तद्वत् संशोधन चालूं द्यावें, पण रक्षणास विलंब लावूं नये.