अंगण हेच साधन

बालशिक्षणाचा विचार करताना आपण बहुधा खोली, फळा आणि पाटी यांपासून आरंभ करतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे काम सुरू केले, तेव्हा गरीब वस्तीतली मुले शाळेत येत नव्हती. म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली गेली. तीच अंगणवाडी. माँटेसरीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांच्या जागी शंख, शिंपले, बिया, पाने आली. पुढे कोसबादच्या टेकडीवर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने 'अंगणवाडी' हा शब्द देशभर नेला. अंगणाचा विचार मात्र मागे पडला, असे मला वाटते.

आमच्या गावच्या बालवाडीपुढे मातीचे अंगण व चिंचेचे झाड होते. चिखल होतो म्हणून झाड तोडून फरशी घातली आणि लोखंडी घसरगुंडी आणली. उन्हाळ्यात दहानंतर तिला हात लाववत नाही. (हे ठरवणाऱ्यांत माझे वडीलही होते, हे सांगितले पाहिजे.)

खेळाची जागा आखायची म्हणजे काय? बालवाडी सकाळची; तेव्हा झाड पूर्वेला हवे, म्हणजे सावली अंगणात पडते. वाळूच्या खड्ड्याच्या तळाशी खडी घालावी, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचते. रात्री झाकण हवे, कारण मांजरे घाण करतात. पाणी वाळूजवळच असावे. ओल्या वाळूचा किल्ला टिकतो, कोरडीचा ढासळतो, हे मूल स्वतः करून पाहते. जमीन सगळी सपाट करू नये. लहानसा उंचवटा चढता-उतरता तोल सावरण्याचा सराव होतो. कण्हेर आणि धोत्रा विषारी, ते कुंपणालाही नकोत. सायमन निकल्सन यांनी १९७१ साली मांडले की, हलवता-जुळवता येणाऱ्या सुट्या वस्तू जितक्या अधिक, तितका कल्पकतेला वाव अधिक. चिंचोके, करवंट्या, काटक्या या त्याच वस्तू होत. घसरगुंडीवरून फक्त घसरता येते. करवंटीची मात्र चूल होते, तराजू होतो, होडीही होते.

गेल्या सुट्टीत आम्ही काही मित्रांनी पूर्वेच्या कोपऱ्यातल्या फरश्या उखडल्या, वाळू टाकली, कडुनिंबाचे रोप लावले. सावलीला अजून बरीच वर्षे लागतील. बालवाडीच्या बाईंनी परवानगी एका अटीवर दिली : हातपाय धुतल्याशिवाय एकही मूल आत येणार नाही. म्हणून वाळूशेजारी पाण्याचा पिंपही ठेवला आहे.