खतखतें : व्रताच्या दिवसाचें पोटभर अन्न

व्रताच्या दिवशीं अन्न साधें असावें, हें आपण सर्वच मानतों. परंतु साधें म्हणजे अपुरें, अशी समजूत हळूहळू घरांत शिरली आहे, आणि तिचा विचार करणें अवश्य आहे. गोव्यांतील पुष्कळ कुटुंबांत एरवीं भाताबरोबर मासळी असते. १ जून ते ३१ जुलै या काळांत यंत्रनौकांची मासेमारी बंद असते, आणि पुढें श्रावण येतो. तेव्हां अनेक घरांतून मासळी महिनाभर वर्ज्य होते. तिच्या जागीं पानांत काय येतें? बहुधा बटाट्याची भाजी, पातळ वरण आणि लोणचें. मुलांना दोन तासांत पुन्हां भूक लागते. जिनें रांधलें ती माउली सर्वांच्या मागून बसते, तेव्हां तिच्या वांट्याला भात आणि लोणच्याचा खार एवढेंच उरतें. याला व्रत म्हणणें योग्य नव्हे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत आहाराचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक आहार हा आयुष्य, बळ आणि आरोग्य वाढविणारा म्हटला आहे. अर्थात् ज्यानें बळ येत नाहीं, तें अन्न केवळ निरामिष आहे म्हणून सात्त्विक ठरत नाहीं. आपल्या पूर्वजांना हें ठाऊक होतें. देवालयांतील समाराधनेच्या पंक्तींत आणि चतुर्थीच्या नैवेद्यांत त्यांनीं ‘खतखतें’ ठेवलें, तें याच दृष्टीनें. प्रस्तुत पाठांत त्याचाच विचार करूं.

भाज्यांची निवड

खतखत्याला अमुकच भाज्या हव्यात असा नियम नाहीं. त्या ऋतूच्या असाव्यात आणि विविध असाव्यात, हाच नियम. श्रावण-भाद्रपदांत नीरफणस, तांबडा भोपळा, दुधी, मक्याचीं कणसें आणि आंबटपणासाठीं अंबाडे मिळतात. मार्गशीर्ष-पौषांत सुरण, मुळा, रताळीं आणि गोव्यांत ज्यांना काटेकणगां म्हणतात ते लहान कंद बाजारांत येतात. कच्चें केळें व शेवग्याच्या शेंगा यांची भर पुष्कळ महिने घालतां येते. निदान पांच भाज्या घ्याव्यात. त्यांतील दोन कंद किंवा केळें-नीरफणस यांसारख्या भरीव असाव्यात. त्यांनींच पोट भरतें. कांदा-लसूण यांत मुळींच नसतो.

प्रमाण

सहा माणसांसाठीं तूरडाळ २०० ग्रॅम, रात्रीं भिजत घातलेले पांढरे वाटाणे १०० ग्रॅम (कोरडे असतांना मोजलेले), चिरलेल्या भाज्या सुमारें सव्वा किलो, मध्यम आकाराचा एक नारळ, सहा-सात सुक्या मिरच्या, अर्धा चमचा हळद, लिंबाएवढा गूळ, पांच-सहा आमसुलें आणि दहा-बारा तिरफळें घ्यावींत.

या प्रमाणांत डाळ आणि वाटाणे यांना विशेष महत्त्व आहे. पुष्कळ घरीं भाज्या भरपूर घालतात आणि डाळ मूठभर टाकतात. मग खतखतें दिसतें भरलेलें, पण भूक टिकून भागत नाहीं. वरील प्रमाणानें दर माणशीं दहा-अकरा ग्रॅम प्रथिनें डाळ-वाटाण्यांतूनच मिळतात. तांदळाच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो, तो डाळींत विपुल असतो. आणि डाळींत जें उणें तें तांदूळ पुरवितो. म्हणून खतखतें भाताबरोबर खाण्याची रीत शरीराच्याहि हिताची आहे.

क्रम

या पदार्थाचें सर्व कौशल्य क्रमांत आहे. सर्व कांहीं एकदम कुकरमध्यें घातलें, तर भोपळ्याचा लगदा होतो आणि कंद मात्र कच्चा राहतो.

प्रथम डाळ हळद घालून मऊ शिजवावी. वाटाणे वेगळे शिजवावेत. सुरण असल्यास हातांना खोबरेल लावून तो चिरावा, चिंचेच्या पाण्यांत कांहीं वेळ ठेवावा आणि निराळा पूर्ण शिजवून मग मिळवावा. सुरणांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, त्यांमुळें घशाला खाज सुटते. येथें घाई करूं नये.

मोठ्या पातेल्यांत पाणी उकळून आधीं इतर कंद आणि कच्चें केळें घालावें. तें अर्धें शिजल्यावर मक्याचे तुकडे, मुळा, शेंगा आणि नीरफणस. शेवटीं भोपळा व दुधी. सर्व भाज्या मऊ झाल्यावर डाळ, वाटाणे, सुरण, मीठ आणि खोबऱ्या-मिरचीचें बारीक वाटप घालून मंद आंचेवर उकळी आणावी. गूळ आणि आमसुलें त्यानंतरच. आंबट आधीं पडलें तर भाज्या आणि कडधान्य मऊ होत नाहींत, टणक राहतात.

तिरफळें

तिरफळांतील काळें बीं काढून टाकावें, सालें थोड्या पाण्यांत ठेचावींत आणि तें पाणी सालांसह अगदीं शेवटीं ओतून झांकण ठेवावें. वाटपांत तिरफळें वाटूं नयेत, कडवटपणा येतो. हीच तिरफळें बांगड्याच्या आमटींतहि पडतात. त्यामुळें मासळीची संवय असलेल्या घराला हा वास ओळखीचा वाटतो आणि पानांत कांहीं उणें असल्याची भावना होत नाहीं. ज्या सभासदांचीं बिऱ्हाडें गोव्याबाहेर आहेत त्यांनीं सुकीं तिरफळें येथून नेऊन घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवावींत.

वाढतांना

डाळ आणि वाटाणे तळाशीं बसतात. म्हणून प्रत्येक वेळीं पळी तळापासून फिरवून वाढावें. एकाच्या पानांत नुसता रस आणि दुसऱ्याच्या पानांत नुसता गाळ असें होऊं नये. आणि मुख्य गोष्ट ही कीं, किती माणसांसाठीं शिजवावयाचें हें मोजतांना रांधणारीलाहि मोजावें. पाने वाढण्यापूर्वींच तिचा वांटा वेगळ्या भांड्यांत काढून ठेवावा. नैवेद्य देवाला दाखवून झाला कीं तो प्रसाद घरांतील प्रत्येकाचा आहे, शेवटीं बसणारीचाहि.

या महिन्याचा अभ्यास

१. आपल्या गांवच्या बाजारांत या आठवड्यांत कोणत्या भाज्या आल्या, त्यांची यादी करावी व त्यांतील भरीव कोणत्या तें लिहावें.
२. आपल्या घरीं दर माणशीं डाळ किती पडते, तें एकदां वजन करून पाहावें.
३. पुढील व्रताच्या दिवशीं मुलांकडून भाज्या शिजण्याच्या क्रमानें वेगवेगळ्या ताटांत मांडून घ्याव्यात. क्रम एकदां त्यांच्या हातीं बसला, म्हणजे हें पातेलें पुढच्या पिढींतहि चुलीवर चढेल.