ट्रेलरचे ब्रेक आणि बिनभाराचे व्होल्ट

मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरण्याचा जो प्रघात आहे, त्याची किंमत गाडीच्या बुडाशी असलेल्या प्रत्येक तांब्याच्या जोडाला मोजावी लागते, हे गाड्या दुरुस्त करण्याचाच ज्यांचा धंदा त्यांना मला सांगावे लागू नये. परंतु सांगितले, आणि ते ऐकले गेले नाही. उतारावर माझा ट्रेलर पिकअपला मागून रेटा देई, विजेवरील ब्रेकच्या कंट्रोलरचा गेन कमाल अंकावर नेऊनही फरक पडेना, आणि ब्रेक दाबताच ट्रेलरचे दिवे मंदावत, ही खूण तर मी तक्रारीत सर्वांआधी नमूद केली होती. तिची दखलही न घेता गॅरेजच्या कारागिराने ट्रेलर सोडविला, सॉकेटात मीटरच्या सळ्या खुपसल्या, १२ व्होल्टचा आकडा माझ्या नाकासमोर धरला आणि दोष ट्रेलरच्या ब्रेकच्या मॅग्नेटांत असल्याचा फैसला बिनदिक्कत सुनावला. मॅग्नेट बदलले, मग कंट्रोलरही बदलला, रेटा कायम.

वस्तुतः भाराविना मोजलेले व्होल्ट हा पुरावाच नव्हे. प्रत्येक चाकाचा मॅग्नेट सुमारे ३ अँपिअर ओढतो, म्हणजे चार चाकांचे १२. मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही, म्हणून त्याच्यापुढे कुजलेला जोडही निर्दोष ठरतो. अखेर ट्रेलर जोडलेला ठेवूनच मी मीटरची एक सळी बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी सॉकेटाच्या पांढऱ्या, म्हणजे अर्थच्या, तारेला लावली, आणि पत्नीने कंट्रोलरची हातकळ दाबताच, जिथे अर्धा व्होल्टही दिसावयास नको, तिथे ५ व्होल्ट उभे राहिले. बंपरमागे चासीला आवळलेला अर्थचा जोड बोटाला चटका देत होता. त्यावर हिरवट कळंक चढला होता. तार कापून, लोखंड चकाकेपर्यंत घासून नवे टोक बसविले. ब्रेक पूर्ववत लागले.

ज्यांना हीच व्यथा असेल त्यांनी कंट्रोलरपासून सॉकेटापर्यंतची ब्रेकची निळी तारही अशीच भाराखाली तपासावी. ट्रेलरच्या आसाच्या नळीतील तार घासून उघडी पडते, तिकडेही पाहावे. कारखान्यात बसविलेले काही कंट्रोलर गाडी उभी असता मुद्दामच कमी प्रवाह देतात, त्यावरून घाबरू नये. फ्यूज, ब्रेकची आवळणी वगैरे पाहावेच.

गॅरेजकडे नव्या कंट्रोलरचे पैसे परत मागितले, तेव्हा एकदा बसविलेला माल परत घेतला जात नाही, असा खुलासा मिळाला. माझा जुना, निर्दोष कंट्रोलर त्यांनी केव्हाच भंगारात टाकला होता.