अभिघातोत्तर कटिशूल : पुनरुद्भव व सावध चिकित्सा

महामार्गावरील मोटार अपघातानंतर अस्थिभग्न नसतानाही वारंवार कटिशूलाने त्रस्त होणारे रुग्ण आपणां सर्वांकडेच येतात. क्ष-किरण चित्र निर्दोष असल्याने घरची मंडळी वेदनेवर विश्वास ठेवत नाहीत. वस्तुतः चरकाचार्यांनी वातव्याधिचिकित्सिताध्यायात (चि. २८) अभिघात, मर्माघात व शीघ्रयानावरून पतन हे वातप्रकोपाचे हेतू म्हणून सांगितले आहेत. अपघात एकदाच घडतो. परंतु दुर्बल झालेल्या कटिप्रदेशी जागरण, वेगधारण, भारवहन, दुचाकीचे धक्के अशा अल्प हेतूंनीही वात पुनः प्रकुपित होतो.

येथील चादरींचे एक व्यापारी, वय ४४. मोहोळजवळ त्यांच्या मोटारीस मागून धडक बसली होती. दोन वेळा कटिबस्ती व योगराज गुग्गुळाने त्यांना उपशय मिळाला. (कटिबस्ती हे नाव बृहत्त्रयीत नाही, रुग्ण मात्र नाव घेऊनच ती मागतात.) तिसऱ्या खेपेस उडदाच्या पिठाची पाळी लावून झाली, तेल कोमट होत होते, तोच ते म्हणाले, "डॉक्टर, बसलं की खालचं काही कळत नाही, अन् लघवीला लई वेळ लागतो."

हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. जुना रुग्ण, जुनीच व्याधी, या समजुतीने परीक्षण राहून गेले. सुश्रुताचार्यांनी पृष्ठातील १४ मर्मांत गणलेल्या कुकुंदर मर्माच्या आघाताने अधःकायात स्पर्शज्ञानाचा नाश व चेष्टोपघात होतो, हे पाठ असूनही त्या दिवशी आठवले ते उशिरा. पाळी काढून त्यांना तत्काळ शल्यचिकित्सकाकडे पाठविले. एम.आर.आय.मध्ये सरकलेल्या चकतीचा नाडीगुच्छावर मोठा दाब दिसला. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली. मूत्रप्रवृत्ती पूर्ववत झाली, डाव्या पावलाची बधिरता मात्र राहिली आहे.

तेव्हापासून प्रत्येक आवर्तनात मलमूत्रप्रवृत्ती, गुदप्रदेशाची बधिरता, पायांचे बल, ज्वर व वजनातील घट विचारल्याशिवाय मी स्नेहन-स्वेदन आरंभीत नाही. ही लक्षणे नसल्यास मात्राबस्ती हा माझा प्रथम पर्याय असतो. भाराने, प्रवासाने व यानाने कर्षित झालेल्यांस चरकांनी ती सिद्धिस्थानात सांगितली आहे. भोजनोत्तर सहचर तैल ६० मि.ली., अग्नी पाहून. दीर्घ शय्याविश्राम मी देत नाही. सोसेल तेवढे चालणे दुसऱ्या दिवसापासूनच. पुण्यापर्यंत मोटार चालविणाऱ्यांनी तासाभराने उतरून दहा मिनिटे चालावे आणि लघवीचा वेग टेंभुर्णीपर्यंत रोखून धरू नये.